पडद्याची उजवी कड

आमच्या सौदीतल्या यान्बूच्या कॅम्पात टीव्हीच्या खोलीतला रिमोट कादिरकडे असतो. कुणी त्याला तो दिलेला नाही, पण इतकी वर्षं त्याच्याच हातात राहिल्यामुळे आता मागणंही बरं दिसत नाही. कादिर दापोलीकडचा, स्कॅफोल्डिंगचा फोरमन. दिवसभर रिफायनरीत पाइपांचे सांगाडे उभे करून घेतो आणि संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसतो. माणूस चांगला आहे. माझा त्याच्यावर राग आहे तो फक्त एका बटणापायी.

मी शिरीष, सांगलीचा, त्याच प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. मला जुने इंग्रजी साहसपट आवडतात. शिडाची जहाजं, वाळवंटात दौडणारी शेकडो घोडी, आणि मध्ये एक निळ्या डोळ्यांचा हिरो, ज्याचा शर्ट पहिल्या अर्ध्या तासातच फाटतो. त्या काळी अमेरिकेत घरोघर टीव्ही आला आणि लोक थेटरात जायचे कमी झाले, म्हणून सिनेमावाल्यांनी पडदाच रुंद करून टाकला. त्या रुंदीत भरायला मग समुद्र लागला, वाळवंट लागलं, फौजा लागल्या. गोष्टी बहुतेक थापाच असतात, पण थाप मारावी तर इतकी ऐसपैस मारावी, असं माझं मत आहे.

हे पिक्चर टीव्हीवर लावले की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. यायलाच हव्यात. चित्र आडवं आहे, टीव्ही तेवढा आडवा नाही. पण कादिरला पट्ट्या खपत नाहीत. पट्टी दिसली की तो बटण दाबतो, चित्र फुगतं, पडदा भरतो आणि दोन्ही बाजूंची माणसं गायब होतात.

"बाजूचं कापलं जातंय," मी म्हणायचो.

"टीवी पासष्ट इंचाचा हाय. पासष्ट इंच भरला पायजे."

"अरे, माणसं जातात बाजूची!"

"जाऊ देत. हिरो हाय ना मदी?"

बाकीचे त्याच्याच बाजूचे. केरळचे, बिहारचे, आमचे कोकणातले, सगळ्यांचं एकमत फक्त याच एका विषयावर होतं. मी चरफडत कापलेले पिक्चर बघत राहिलो. एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. पिक्चरमध्ये गलबत आलं, समुद्र आला, की कादिर रिमोट तिथेच ठेवून चहा घ्यायला बाहेर पडतो. चहा संपवून परत येत नाही, खोलीत जाऊन झोपतो. मला वाटायचं, कोकणातला आहे, समुद्राचं त्याला काय कौतुक.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या मॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या सिनेमात, जुन्या रुंद पडद्याच्या पिक्चरांचा आठवडा लागला. इथे थेटरं सुरू होऊन काही वर्षं झाली, तरी आमच्या कॅम्पातलं फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. आम्ही मॉलमध्ये जातो ते तांदूळ आणि साबण घ्यायला. त्या दिवशी कादिर बरोबर होता, आणि सरकत्या जिन्याच्या तोंडाशी मोठं पोस्टर दिसलं. लाटांवर कललेलं गलबत, पुढे छाती उघडी टाकून उभा वेस्ली हॅलोरन. आज ते नाव कुणाला माहीत नसेल, पण एके काळी समुद्रावरचा पिक्चर काढायचा तर त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. पिक्चरचं नाव लांबलचक आहे, ते जाऊ दे. आम्ही त्याला पुढे गलबताचा पिक्चरच म्हणायला लागलो. शुक्रवारी दोन शो, दुपारी आणि संध्याकाळी, की संपला.

"येतोस का?" मी सहज विचारलं.

कादिर पोस्टरपुढे उभा होता. हातातली तांदळाची पिशवी त्याने खाली ठेवली होती.

"ह्या पिच्चरमदी माजा अब्बा हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हंजे, तो म्हनायचा तसा."

परतीच्या कंपनीच्या बसमध्ये त्याने मला सगळं सांगितलं. त्याचे वडील, हनीफचाचा, गलबतावर खलाशी होते. चाचा विशीत असताना त्यांचं गलबत एडनच्या बंदरात लागलं होतं आणि तिथे या पिक्चरचं शूटिंग चाललं होतं. अमेरिकन लोकांना खरं गलबत हवं होतं, नाखव्याने भाड्याने दिलं. खलाशी फुकटात ॲक्टर झाले.

"हिरो पान्यात पडतो असा शीन व्हता," कादिर म्हणाला. "त्याना वर घ्यायचा. अब्बा गलबताच्या कडेला वाकला, मागनं हम्मादचाचानं धरला, नि पुढचा हात दिला त्या गोऱ्याना. एका झटक्यात वर! मग गोऱ्यानं अब्बाला शेकँड केलान."

"हॅलोरन जड होता का?" मी विचारलं.

"म्हैस, म्हनायचा अब्बा. भिजलेली म्हैस."

ही गोष्ट हनीफचाचांनी गावात वर्षानुवर्षं सांगितली. लग्नात जेवणं झाली की लोकच आग्रह करत. हात कसा दिला ते चाचा उठून करून दाखवत. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, शिडाच्या कप्पीत गेलं होतं, आणि ते अर्धं बोट पाहून पोरांना अख्खी गोष्ट खरी वाटत असे. कादिरला तर वाटायचंच. शाळेत त्याचा त्यावर भाव होता.

मग तो दहा-अकरा वर्षांचा असताना कुवेतवरून आलेल्या कुणीतरी त्या पिक्चरची कॅसेट आणली. मोहल्ल्याच्या मधोमध टीव्ही मांडला, जनरेटर लावला. हनीफचाचांना पुढे खुर्ची दिली. इस्त्रीचा सदरा घालून ते बसले. तो सीन आला. हॅलोरन पाण्यातून वर आला, धापा टाकत त्याने उजवीकडे हात लांब केला, आणि तिथे टीव्ही संपला. पुढच्या क्षणी साहेब डेकवर उभे. कुणाचा हात नाही, कुणाचा बाप नाही. कुणीतरी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली, पुन्हा तेच. मग एक जण हसला आणि सगळा मोहल्ला हसला.

तेव्हापासून हनीफचाचांचं नाव 'हॉलिवूड' पडलं. आजही गावात कादिरची ओळख हॉलिवूडचा पोर अशीच आहे. चाचांनी भांडण केलं नाही, खुलासा केला नाही. त्या दिवसानंतर ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. गावाने त्याचा सरळ अर्थ लावला, की थाप उघडी पडली. कादिरनेही तोच लावला.

"आता कसे आहेत?"

"डोळे गेले दोनी. काचबिंदू. घरातल्या घरात चालतो भितीला धरून." त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. पडवीत बसलेले म्हातारे चाचा, शेजारी कादिरची मुलगी अदिबा. पोरगी खळखळून हसत होती आणि तिचा डावा डोळा पार मिटलेला होता. "ही अशीच. हसली की एक डोळा बंद. आधार कार्डाच्या फोटोला लय ताप दिलान तिनं."

मी फोटो बघितला आणि म्हटलं, "कॅसेटमध्ये बाजूचं कापलेलं असतं. तेव्हाचा टीव्ही तर चौकोनीच होता. वडील कापलेल्या भागात असतील."

हे बोलताना मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं काळ्या पट्ट्यांवरून हरत आलो होतो. पण कादिरचं तोंड उतरलं.

"आनि तिकडं बी नसला तर?" तो म्हणाला. "आज मना सांगता येता, की काय म्हाईत, असल बी. उद्या बगितला नि नसला, तर बाप फेकाड्या ठरला. मग मी त्याच्या मैताला कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढचे दोन-तीन दिवस संध्याकाळी काळ्या पट्ट्या आल्या तरी तो रिमोटला हात लावत नव्हता. बिहारवाले चकित झाले.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो थेट माझ्या खोलीच्या दाराशी आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"यल्ला," म्हणाला. "चल."

थेटरात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. काही सौदी पोरं मक्याच्या लाह्यांचे डबे घेऊन बसलेली, दोन-तीन गोरे म्हातारे, आणि आम्ही. पडदा भिंतीपासून भिंतीपर्यंत होता. कादिर आधी वर बघायला लागला, मग खाली.

"पट्ट्या नायत," तो हळूच म्हणाला.

"नाहीत."

पिक्चर सुरू झाला. काय सांगू, मी हा पिक्चर टीव्हीवर कधीतरी बघितला होता, पण तो हा नव्हे. गलबत एका टोकाला आणि त्याचा पाठलाग करणारं जहाज दुसऱ्या टोकाला, मध्ये नुसतं पाणी. टीव्हीवर यातलं एक तरी जायचं, आणि पाठलाग कोण कुणाचा करतंय ते कळायचं नाही. हॅलोरन अर्थातच भंपक होता. अरब सरदाराच्या वेशात अमेरिकन मिश्या घेऊन वावरत होता, आणि त्याचं बोलणं अरबी अक्षरांत खाली उमटत होतं तेव्हा सौदी पोरं खिदळत होती. पण मान वळवून तो समुद्राकडे बघायला लागला की बघावंसं वाटायचं. कादिर खुर्चीच्या टोकावर बसला होता. लाह्यांना त्याने हात लावला नाही.

तुफान आलं. हॅलोरन पाण्यात पडला. बुडाला, वर आला, धापा टाकत त्याने उजवीकडे हात लांब केला.

आणि पडदा उजवीकडे अजून बराच बाकी होता. त्या बाकीच्या भागात गलबताची कड होती, आणि कडेवरून कमरेत वाकलेला एक काळासावळा, उघडा, भिजलेला तरुण होता. त्याने हात खाली दिला, हॅलोरनचं मनगट पकडलं आणि ओढलं. हात पडद्यावर आमच्यापेक्षा मोठा होता. मधलं बोट अर्धं होतं.

"अब्बा!" कादिर ओरडला आणि उभा राहिला. "अब्बा हाय! शिरीष, माजा अब्बा!"

"इजलिस, इजलिस!" खाली बस म्हणून मागून पोरं ओरडायला लागली. मी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. तो रडत होता. मलाही भरून आलं होतं, आणि ते मी लपवायच्या भानगडीत पडलो नाही.

उरलेला पिक्चर आम्ही बघितलाच नाही. बाहेर येऊन, सरकत्या जिन्याशेजारच्या बाकावर बसून कादिरने घरी व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या बायकोने, शरफुन्निसाने, उचलला. तिने मोबाइल सासऱ्यांपुढे धरला. मघाशी पडदाभर दिसले होते ते खांदे इथे हाडांवर आले होते, डोळे पांढुरके, दाढी पांढरी.

"अब्बा, बगितला मी! तुमचा गलबताचा पिच्चर! तुमी हाव त्याच्यात. हात दिलाव, बोट दिसला, समदा दिसला. कॅसेटवाल्यांनी कापलेला व्हता. तुमी खोटा नाय बोललाव, अब्बा!"

कादिर वाट बघत होता. मला वाटलं, आता एवढ्या वर्षांचा अपमान धुऊन निघणार, म्हातारा हसेल, निदान गावाला दोन शिव्या तरी घालेल.

"मी व्हतो ता मना म्हाईत हाय रे," हनीफचाचा म्हणाले. "हम्माद दिसला काय?"

"हम्मादचाचा?"

"तोच. माजा भाव."

कादिरने माझ्याकडे बघितलं. हम्मादचाचा त्याच्या जन्माआधीच गेलेला. पुढच्याच हंगामात सोकोत्रा बेटाच्या पलीकडे गलबतावरून पडला, सापडला नाही. त्याचा घरात फोटो नव्हता. तेव्हा खलाशांचे फोटो कोण काढत होतं?

"मी एका हातानं त्या गोऱ्याना वडला," चाचा म्हणत होते. "दुसरा हात कोनी धरलेला माजा? हम्मादनं. तो माज्या मागं व्हता. त्याचा येवढाच एक फोटू हाय दुनियेत. कॅसेट आली तवा मी त्याना बगायला बसलेलो. नाय दिसला. म्हटला, खलास, आता कवाच दिसायचा नाय."

"तुमी कवा सांगितलाव नाय, अब्बा."

"दर टायमाला सांगायचो. मागनं हम्मादनं धरला, दर टायमाला. तुमी फक्त गोरा ऐकलाव."

हे खरं होतं. कादिरने मला बसमध्ये सांगितलं तेव्हा त्यातही हम्माद होता. आणि मी विचारलं होतं काय, तर हॅलोरन जड होता का.

"माजे डोळे गेले त्याच्या आदी त्याचा तोंड गेला," चाचा म्हणाले. "आठवत नाय मना. लय जोर लावतो, नाय येत. कसा दिसायचा रे तो?"

कादिरला सांगता येईना. त्याने बघितलंच नव्हतं. मीही नव्हतं बघितलं, बाजूच्या माणसांचा एवढा कैवारी असून. आम्ही दोघांनी हात बघितला, बोट बघितलं, हनीफचाचा बघितले, आणि त्यांच्याही पलीकडे पडदा शिल्लक आहे हे आमच्या ध्यानीमनी आलं नाही.

"अब्बा, थांबा," कादिर म्हणाला. "फोन जवळ ठेवा. मी परत बगून येतो."

संध्याकाळचा शो शेवटचा होता. तोवर आम्ही त्याच बाकावर बसून राहिलो. कंपनीची बस निघून गेली तरी कादिर हलला नाही. पुन्हा आत गेलो तेव्हा तो उजव्या अंगाच्या खुर्चीवर, पडद्याच्या टोकासमोर जाऊन बसला. तुफान येईपर्यंत एकदाही इकडे बघेना.

तुफान आलं. हॅलोरन पडला. या वेळी आम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही, हनीफचाचांकडेही नाही. चाचांचा डावा हात मागे गेलेला होता, आणि त्या हाताला एक दुसरा हात धरून होता. बाकी माणूस चौकटीबाहेर. मला वाटलं, झालं, एवढंच आहे. मग गलबत लाटेवर कललं आणि तो माणूस तोल सावरताना आत आला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. सगळे तुफानाचा अभिनय करत होते आणि हा आपला हसत होता. बहुतेक भावाची फजिती बघून. हॅलोरनकडे त्याचं लक्षच नव्हतं. हसताना त्याचा डावा डोळा पार मिटलेला होता.

लगेच लाट ओसरली आणि तो पुन्हा बाहेर गेला.

"शिरीष," कादिर म्हणाला. "अदिबा."

बाहेर आल्यावर त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि कॉल मी लावून दिला. चाचा पडवीतच बसले होते. गावाकडे जेवणं झालेली दिसत होती, तरी ते आत गेले नव्हते.

"दिसला काय?"

"दिसला, अब्बा. हसतोय. त्याचा डावा डोळा बंद व्हतो हसताना. अब्बा, तो आपल्या अदिबासारखा हाय. तोच तोंड, तीच हनवटी."

चाचांनी बाजूला मान वळवली.

"अदिबा, हिकडं ये."

अदिबा आली, आजोबांपुढे गुडघ्यांवर बसली. शरफुन्निसाने मोबाइल जरा लांब धरला म्हणजे दोघं मावतील. चाचांनी हात उचलला. दुपारपासून दोनदा बघितलेला तोच हात, अर्ध्या बोटाचा, आता सुकलेला. तो तिच्या कपाळावरून खाली आला, नाकावरून, हनवटीपर्यंत. पोरगी गोंधळली होती.

"हस गो," चाचा म्हणाले.

"असाच? कसा हसू, दादा?" तिने आजोबांना विचारलं.

"हस."

तिला खरंच हसू आलं. चाचांचं अर्धं बोट तिच्या डाव्या पापणीवर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"होय," ते म्हणाले. "असाच व्हता."